लॉगमध्ये एक पत्ता, मागे अकरा कॉम्प्युटर: कार्यालयातल्या प्रॉक्सीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ज्या कार्यालयातलं आहे त्याची ओळख पटू नये म्हणून विभागांची नावं आणि काही आकडे बदलले आहेत. घटनाक्रम घडला तसाच ठेवला आहे. नेटवर्क सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. मी तिथे रोज नसे, आठवड्यातून दोनदा जायचो.

दोन मजले, ६४ कॉम्प्युटर, बाहेर जाणारी इंटरनेटची एकच लाइन. आतल्या सगळ्या मशीनना १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे ओळख क्रमांक, होते आणि राउटर ते एका सार्वजनिक पत्त्यामागे लपवून बाहेर पाठवत होता. फायरवॉलमध्ये, म्हणजे कुणाला बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहाऱ्यात, एक जुना नियम होता: फक्त १४ मशीनना बाहेर जायची परवानगी. बाकी ५० मशीनवर हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि आतला मेल एवढंच चालायचं. लाइन अगदी बारीक होती त्या काळात हा नियम कुणीतरी केला होता. पुढे लाइन दोनदा वाढवली, नियमाला कुणी हात लावला नाही. मीही नाही. मी काम हाती घेतलं तेव्हा ती १४ पत्त्यांची यादी पाहिली होती आणि ‘चाललंय ना, मग राहू दे’ म्हणून पुढे गेलो होतो. पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या दृष्टीने तिथे आहे.

मधल्या काळात कामाचं स्वरूप पार बदललं. पुरवठादार चलनं कागदावर पाठवेनात, ती त्यांच्या पोर्टलवरून उतरवून घ्यावी लागत. माल कुठवर आलाय ते वाहतूकदाराच्या वेबसाइटवर बघावं लागे. आणि ज्यांना हे दिवसातून वीसदा लागायचं ती भांडार विभागातली माणसं त्या १४ जणांत नव्हती.

अडचण

दोन तक्रारी एकाच आठवड्यात आल्या. पहिली जुनीच होती: सकाळी अकरा ते एक नेट रांगतं. दुसरी गंभीर होती. आमच्या इंटरनेट पुरवठादाराने कळवलं की आमच्या सार्वजनिक पत्त्यावरून एका मेल सेवेच्या खात्यांवर लॉगिनचे सतत प्रयत्न होत आहेत. चुकीचे पासवर्ड, एकामागून एक. सोबत तारखा आणि वेळा दिल्या होत्या.

राउटरच्या नोंदी काढल्या. त्या वेळांच्या आसपासचं बाहेर जाणारं ट्रॅफिक एकाच मशीनकडे बोट दाखवत होतं, शेवटचा आकडा ४७. हे मशीन खरेदी विभागातल्या सर्वांत जुन्या कर्मचारी बाईंचं. सगळे त्यांना ताईच म्हणत. सगळ्या कार्यालयात सर्वाधिक डेटाही याच मशीनवरून जात होता, दुसऱ्या क्रमांकाच्या मशीनच्या कितीतरी पट. व्यवस्थापकांनी तो तक्ता पाहिला आणि दोन्ही तक्रारींचं उत्तर त्यांना एकाच ओळीत सापडलं. कारणे दाखवा पत्राचा मसुदा दुपारपर्यंत तयार झाला.

पहिला निर्णय: पत्र द्यायचं की थांबायचं

व्यवस्थापक म्हणाले, “पुरावा समोर आहे, आता कशाला थांबायचं?”

मला दोन गोष्टी खटकत होत्या. एक म्हणजे, राउटरच्या नोंदीत मशीनचा पत्ता होता, माणसाचं नाव नव्हतं. तो पत्ता कुणाच्या टेबलावर आहे ते आम्हाला माहीत होतं, म्हणून आम्ही पत्त्याच्या जागी नाव वाचत होतो. दुसरी गोष्ट वेळेची. पुरवठादाराच्या पत्रातल्या वेळा मी आधी स्थानिक म्हणून वाचल्या होत्या आणि त्यानुसार प्रयत्न भर दुपारी, ताई जागेवर असताना झाले असं दिसत होतं. परत वाचताना वेळेपुढची तीन अक्षरं दिसली: यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असणारी जागतिक वेळ. फरक जमेस धरून राउटरच्या नोंदी पुन्हा चाळल्या तेव्हा प्रयत्न संध्याकाळचे निघाले. हजेरीनुसार ताई तेव्हा घरी गेलेल्या होत्या. मशीन चालू होतं, खुर्ची रिकामी होती.

ही चूक माझी होती आणि तिच्या जोरावर एका बाईंच्या सेवापुस्तकात शेरा पडला असता. मी व्यवस्थापकांना वेळांचं गणित दाखवलं आणि म्हणालो, “साहेब, पत्र उद्यापर्यंत थांबवा. आधी त्यांच्या मशीनवर बसून बघू, त्यांच्या समोरच.” ते नाराजीनेच तयार झाले.

मशीनवर काय दिसलं

ताईंनी खुर्ची दिली आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. कमांडची काळी खिडकी उघडून नेटस्टॅट चालवलं, मशीनच्या चालू जोडण्या दाखवणारी आज्ञा. पडद्यावर एक ओळ आली: ०.०.०.०, पोर्ट (म्हणजे जोडणीचं क्रमांक दिलेलं दार) ८०८०, स्थिती ‘लिसनिंग’. म्हणजे हे मशीन कुठल्याही दिशेने येणारी जोडणी स्वीकारायला बसलं होतं. त्याच्या खाली त्याच पोर्टवर आतल्या नऊ वेगवेगळ्या पत्त्यांच्या चालू जोडण्या. घड्याळाशेजारच्या चिन्हांच्या गर्दीत एक छोटं चिन्ह होतं, ते एका फुकट मिळणाऱ्या प्रॉक्सी प्रोग्रामचं, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या वतीने बाहेर जोडणी करणाऱ्या प्रोग्रामचं.

“हे काय आहे ठाऊक आहे का ताई?”

“भांडारवाल्यांचं नेट आहे ते,” त्या लगेच म्हणाल्या. “दर अर्ध्या तासाने कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन यायचं, हे चलन काढून द्या, ते काढून द्या. माझं काम राहायचं. मग एका मुलाने हे बसवून दिलं. आता ते आपलं आपण काढतात. बंद केलं तर उद्या गाडी उतरवता येणार नाही त्यांना.”

यात लपवाछपवी काहीच नव्हती. आपण सोय करून दिली असंच त्या समजत होत्या. भांडारात गेलो तर अकरा मशीनच्या ब्राउझरमध्ये प्रॉक्सीच्या जागी ताईंच्या मशीनचा पत्ता आणि ८०८० भरलेलं होतं. एका कीबोर्डखाली सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी होती, बॉलपेनने लिहिलेला पत्ता आणि खाली ‘ताईंचं मशीन बंद करू नये’. संध्याकाळी मशीन चालू का राहायचं ते तिथे कळलं.

प्रॉक्सीचं काम इथे नीट समजून घेतलं पाहिजे. भांडारातलं मशीन वेबसाइटकडे थेट जात नाही. ते ४७ क्रमांकाच्या मशीनला म्हणतं, मला अमुक ठिकाण हवंय. ४७ स्वतःच्या नावाने तिकडे जोडणी करतं आणि उत्तर परत आणून देतं. फायरवॉलला आणि बाहेरच्या जगाला दिसतं ते फक्त ४७. अकरा मशीनचा डेटा त्याच्या खाती जमा होत होता, म्हणून तक्त्यात ते सर्वांत वर होतं. या प्रोग्रामला ना पासवर्ड होता, ना कुठली बंदी. कोण कुठे गेलं याच्या नोंदींचा लॉगही बंद होता.

दुसरा निर्णय: तिथल्या तिथे बंद करायचं का

नियमाने पाहिलं तर तो प्रोग्राम त्याच क्षणी काढायला हवा होता. पण काढला असता तर लॉगिनचे प्रयत्न कुठल्या मशीनवरून होतात ते कळलं नसतं. तसाच चालू ठेवला असता तर आणखी एक संध्याकाळ बाहेरच्या लोकांना त्रास झाला असता, आणि त्याची जबाबदारी आता जाणूनबुजून आमच्यावर आली असती.

मधला मार्ग काढला. ४७ वरून मेलच्या पोर्टना, म्हणजे ५८७, ४६५, ९९३ वगैरेंना, बाहेर जायला राउटरवर बंदी घातली. कार्यालयाचा मेल आतल्याच सर्व्हरवर असल्याने कुणाचं काम अडलं नाही. मग प्रॉक्सी प्रोग्रामचा लॉग सुरू केला आणि ताईंना व भांडारातल्या सगळ्यांना सांगितलं की आज रात्री याच्या नोंदी आम्ही पाहणार आहोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगमध्ये ८३ क्रमांकाच्या मशीनवरून ओळीमागून ओळी होत्या, सगळ्या ‘कनेक्ट’ प्रकारच्या, सगळ्या ५८७ पोर्टसाठी. ‘कनेक्ट’ ही विनंती मुळात एचटीटीपीएससाठी, म्हणजे वेबसाइटशी कुलूपबंद बोलण्यासाठी, असते: प्रॉक्सीने पलीकडे फक्त नळी जोडून द्यायची आणि आत काय वाहतंय ते बघायचं नाही. ती ४४३ पोर्टपुरती मर्यादित ठेवली नाही तर त्याच नळीतून काहीही बाहेर जाऊ शकतं. ८३ हे भांडारातलं सामायिक मशीन. त्यात मालवेअर निघालं. ते कुठून आलं हे खात्रीने सांगता आलं नाही. माझा संशय पेनड्राइव्हवर आहे. फायरवॉलने त्या मशीनला बाहेरची वाट बंद ठेवली होती. पण ब्राउझरसाठी भरलेली प्रॉक्सीची सेटिंग तिथल्या संपूर्ण विंडोजला लागू होती, मालवेअरने तीच वापरली.

ते मशीन नेटवर्कवरून काढलं आणि पुसून नव्याने बसवलं. मसुद्यातलं पत्र व्यवस्थापकांनी स्वतः फाडलं.

तोललेले पर्याय

आता प्रश्न होता की इंटरनेट वाटायचं कसं. व्यवस्थापकांचा पहिला कल प्रोग्राम काढून टाकून सक्त सूचना काढण्याचा होता. मी ठामपणे विरोध केला. भांडाराची गरज खरी होती आणि ती उद्याही राहणार होती. सूचना काढली असती तर दुसऱ्या कुणाच्या मशीनवर दुसरा प्रोग्राम बसला असता, नाहीतर कुणी खिशातल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून मशीन जोडलं असतं. ते तर आमच्या कुठल्याच नोंदीत आलं नसतं.

सगळ्या ६४ मशीनना राउटरमधून थेट सोडणं सर्वांत सोपं होतं आणि अनेक ठिकाणी ते पुरतंही. इथे अडचण सामायिक मशीनची होती. भांडारात एका मशीनवर पाळीनुसार तीन-चार जण बसतात. पत्त्यावरून माणूस ओळखता येत नाही, हे आम्ही नुकतंच शिकलो होतो.

तिसरा पर्याय, मशीनवर काहीही न बदलता वाटेतच ट्रॅफिक अडवून प्रॉक्सीकडे वळवणारी ‘ट्रान्सपरंट’ मांडणी. सोयीची वाटते, पण ब्राउझरला मध्ये प्रॉक्सी आहे हेच माहीत नसतं, त्यामुळे प्रॉक्सी त्याच्याकडे ओळख मागू शकत नाही. नाव कळण्यासाठीच सगळा खटाटोप असताना तिचा उपयोग नव्हता.

राहिला उघडपणे मांडलेला, ओळख विचारणारा मध्यवर्ती प्रॉक्सी. आम्ही स्क्विड हा प्रॉक्सी प्रोग्राम निवडला. त्याचा जन्म १९९६ मधला, हार्वेस्ट नावाच्या संशोधन प्रकल्पातून आलेला. त्या काळी वेबवरची बहुतेक पानं उघड्या एचटीटीपीवर असत आणि एकाने उतरवलेलं पान साठवून दुसऱ्याला देणं हा प्रॉक्सीचा मोठा फायदा होता. व्यवस्थापकांनी तेच ऐकलं होतं: “प्रॉक्सी लावला की डेटा वाचतो ना?” त्यांना स्पष्ट सांगावं लागलं की आता जवळपास सगळं एचटीटीपीएसच्या बंद नळीतून जातं, साठवण्यासारखं हाती फार थोडं लागतं. या आशेवर खर्च मंजूर झाला असता तर सहा महिन्यांनी फसवणूक वाटली असती.

एचटीटीपीएस मध्येच उघडून तपासायची सोयही स्क्विडमध्ये आहे. त्यासाठी प्रत्येक मशीनवर कार्यालयाचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र, म्हणजे ब्राउझरने प्रॉक्सीवर भरवसा ठेवावा यासाठीची खूण, बसवावं लागतं, आणि मग बँकेचं पानसुद्धा प्रॉक्सीवर उघडं होतं. या मुद्द्यावर मी अडून बसलो. कुठलं ठिकाण, कुठलं पोर्ट, किती डेटा, किती वाजता आणि कोण, एवढ्यावर आमचा प्रश्न सुटत होता. त्यापलीकडे लोकांच्या पानांत डोकावण्याचं काहीच कारण नव्हतं. व्यवस्थापकांनी हे मान्य केलं, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच.

प्रत्यक्ष काम

एका जुन्या पण धडधाकट मशीनवर लिनक्स आणि स्क्विड बसवला, पोर्ट ठरलेलंच, ३१२८. ‘कनेक्ट’ ४४३ सोडून इतर पोर्टना नाकारण्याचा नियम स्क्विडच्या मूळ सेटिंगमध्येच असतो, तो तसाच ठेवला. फायरवॉलवर वेबची थेट वाट सर्वांनाच बंद केली, त्या १४ जणांनाही. हे १४ जणांना आवडलं नाही.

ओळख विचारण्याची ‘बेसिक’ पद्धत टाळली. तिच्यात नाव आणि पासवर्ड बेस६४ या उघड लिपीत बदलून जातो, ते उलगडायला काही लागत नाही. कार्यालयात डोमेन, म्हणजे सगळ्यांची लॉगिन एका जागी सांभाळणारी व्यवस्था, होतंच, म्हणून तिच्यातली ओळख पटवण्याची कर्बेरॉस पद्धत वापरली. सकाळी मशीनवर लॉगिन केलं की प्रॉक्सीला ओळख आपोआप मिळते, वेगळा पासवर्ड विचारला जात नाही. कर्बेरॉसला प्रॉक्सी नावाने लागतो, नुसत्या आयपी पत्त्याने चालत नाही. शिवाय घड्याळं जुळलेली लागतात. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की तो नकार देतो. भांडारातल्या एका मशीनचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं आणि तिथल्या दादांना अख्खी सकाळ ४०७ क्रमांकाची चूक, म्हणजे प्रॉक्सीला ओळख हवी असल्याचा निरोप, दिसत राहिली. ते पाच वेळा पासवर्ड बदलून आले होते. घड्याळाकडे बघायचं मला दुपारी सुचलं.

ब्राउझरना सेटिंग देण्यासाठी पॅक फाइल केली. कुठला पत्ता थेट आणि कुठला प्रॉक्सीकडून, हे सांगणारी ती जावास्क्रिप्टची छोटी फाइल असते. आतली नावं, म्हणजे ज्यांत टिंब नाही ती, थेट जातील असा नियम मी लिहिला. सोमवारी सकाळी हिशेब विभाग ठप्प. त्यांचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडतं आणि त्याचा दुवा आयपी पत्त्याचा होता. पत्त्यात टिंबं असतातच, म्हणून प्रत्येक विनंती प्रॉक्सीकडे जाऊन अडत होती. आतल्या पत्त्यांसाठी वेगळी ओळ घालेपर्यंत ४० मिनिटं गेली.

नियमांच्या क्रमानेही एकदा दगा दिला. स्क्विड परवानगीच्या ओळी वरून खाली वाचतो आणि जी पहिली लागू पडेल तिथे थांबतो. ‘ओळख पटलेल्या सर्वांना मुभा’ ही ओळ मी वर लिहिली आणि बंदी घातलेल्या ठिकाणांची यादी तिच्या खाली. यादीपर्यंत कुणी पोचतच नव्हतं. हे चाचणीत सापडलं, कारण मी मुद्दाम एक बंद ठिकाण उघडून पाहिलं आणि ते उघडलं. अँटिव्हायरसच्या अपडेटला ओळख सांगता येईना, तेव्हा त्याची ठरावीक ठिकाणं ओळख न विचारता सोडली, आणि ती ओळ सर्वांत वर ठेवली.

व्हिडिओ बैठकांचं वेगळं होतं. त्यांचा आवाज आणि चित्र यूडीपीवरून, म्हणजे पोचपावतीची वाट न पाहणाऱ्या पद्धतीने, जातं, एचटीटीपी प्रॉक्सीतून ते जात नाही. मग ते पोचपावती घेत जाणाऱ्या टीसीपीवर येतं आणि अडखळतं. बैठकीच्या खोलीतल्या मशीनला फक्त त्या सेवेसाठी फायरवॉलमधून थेट वाट दिली.

अकरा ते एकचं कोडं

ताईंना आणि भांडाराला ज्या मंद नेटबद्दल दोष दिला जात होता, त्याचं कारण स्क्विडच्या लॉगने तिसऱ्या दिवशी दाखवलं. मी वेग वाटून देण्यासाठी डिले पूल ही स्क्विडची सोय लावली होती, माणशी मर्यादा ठरवून. काही फरक पडला नाही. डिले पूल बाहेरून येणाऱ्या डेटाला लगाम घालतात, वर जाणाऱ्याला नाही. आमची लाइन भरत होती ती वर जाणाऱ्या डेटाने. एका वरिष्ठांच्या मशीनवरचा क्लाउड बॅकअप रोज सकाळी अकराला सुरू व्हायचा आणि जवळपास दोन तास चालायचा. ते मशीन मूळ १४ च्या यादीत होतं. वर जाणारी बाजू तुंबली की उतरणाऱ्या डेटाच्या पोचपावत्याही अडकतात आणि सगळंच मंदावतं. आधीच्या तक्त्यात मी फक्त उतरवलेला डेटा मोजला होता, म्हणून ते मशीन वर आलंच नव्हतं.

बॅकअप रात्री हलवला. तेवढ्यावर ती तक्रार संपली.

परिणाम

भांडारातली मशीनं आता आपापल्या माणसांच्या नावाने बाहेर जातात. ताईंच्या मशीनचा डेटा इतरांसारखाच साधारण झाला. पुरवठादाराकडून पुन्हा तक्रार आलेली नाही. लॉग ९० दिवस राहतात, नंतर पुसले जातात. नावांसकट लॉग उघडायचा तर व्यवस्थापक आणि कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी दोघं हजर लागतात.

एक कमजोरी उरलीच आहे: प्रॉक्सीचं मशीन बंद पडलं की सगळ्यांचं वेब बंद. पॅक फाइलमध्ये दुसऱ्या प्रॉक्सीचं नाव घालता येतं, पण ते दुसरं मशीन अजून मिळालेलं नाही. तोवर स्क्विडच्या सेटिंगची प्रत आणि पुन्हा उभारणीच्या पायऱ्या छापून कपाटात ठेवल्या आहेत.

वेगळं काय केलं असतं

लॉगबद्दलचे नियम आम्ही प्रॉक्सी सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात जाहीर केले. ते आधी करायला हवं होतं. मधल्या दिवसांत दोघांनी मला गाठून हळूच विचारलं की आमचं सगळं दिसतं का. त्यांना एक-एकट्याने विचारावं लागलं याचं मला अजून वाईट वाटतं. काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे पहिल्या दिवशी फलकावर लावलं असतं तर ती धाकधूक झालीच नसती.

बदल सोमवारी सकाळी करायला नको होता. आधी एका विभागात चार दिवस चालवला असता तर हिशेबाचा दुवा आणि मागे पडलेलं घड्याळ दोन्ही शांतपणे सापडले असते. डिले पूल लावण्याआधी डेटा दोन्ही दिशांनी मोजला असता तर तीन दिवस वाचले असते.

आणि ती १४ जणांची यादी. परवानगी कुणाला आहे एवढंच तिच्यात लिहिलं होतं. कुणाला, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे लिहिलेलं असतं तर मी ती पहिल्याच भेटीत प्रश्न म्हणून समोर ठेवली असती. आता नव्या ठिकाणाची किंवा नव्या माणसाची परवानगी हवी असेल तर एक साधा अर्ज आहे, अर्ध्या पानाचा, आणि उत्तर त्याच दिवशी द्यायचं असं ठरलंय. पहिला अर्ज ताईंनीच भरून आणला. तो त्यांच्यासाठी नव्हता. भांडारात नव्याने आलेल्या मुलाला वाहतूकदाराची वेबसाइट उघडत नव्हती, आणि अर्ज कुणाकडे द्यायचा हे त्याला माहीत नव्हतं.